फ्रान्सिस बर्डेट : बाणेदार की संधिसाधू?

टिळकरोडी : 'सर फ्रान्सिस बर्डेट म्हणजे सासऱ्याच्या पैशावर क्रांती करणारा जमीनदार', ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. 1810 साली ब्रिटिश संसदेने गेल जोन्स या सुधारणावादी वक्त्याला तुरुंगात टाकलं, तेव्हा 'सभागृहाला हा अधिकारच नाही' असं छापून सांगणारा खासदार हाच. वॉरंट निघालं तर लंडनच्या पिकाडिलीतल्या घराची दारं लावून बसला. शिपाई घुसले तेव्हा मुलाला मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला लगाम घालणारी जुनी सनद, शिकवत होता म्हणतात. थेट टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात रवानगी! 1819 मध्ये मँचेस्टरच्या सभेवर घोडदळ घातलं, त्या पीटरलूच्या कत्तलीवर पत्र लिहिलं म्हणून पुढे दंड आणि तीन महिने कैद. संधिसाधू असा वागतो?

खडूस_वाचक : पोस्ट माझीच. खोटं काय त्यात? 1796 ची बरोब्रिजची संसदेतली जागा ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या खिशातली, त्या घराण्याला हवा तोच निवडून यायचा; पैसे सासऱ्याचे, बँकर टॉमस कूट्सचे. जागा विकत घ्यायची आणि मग त्याच पद्धतीवर तोंडसुख!

दुकानदार७२ : सासऱ्याने मदत केली की माणूस हलका होतो का? माझ्या गाळ्याचं डिपॉझिट सासऱ्यांनी भरलं. पै न् पै फेडली, तरी प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी ऐकवतंच.

खडूस_वाचक : तुमचा गाळा आणि संसदेतली जागा एकच? काहीही काय!

दुकानदार७२ : ज्याला ऐकून घ्यावं लागतं त्याला विचारा.

मीरा_एम : सगळे सासऱ्यावरच अडलेत. पैसा आला तो सोफिया कूट्सशी लग्न झालं म्हणून, तिचं नाव एकानेही घेतलेलं नाही. माझ्या आईच्या पाटल्या मोडून गिरणी टाकली, पाटीवर नाव काकांचं. आई दळण तोलायला बसायची, पिठाने भुवया पांढऱ्या व्हायच्या. कूट्सची दौलत पुढे सोफियाच्या मुलीच्या, अँजेलाच्या हाती आली. तिने गरिबांसाठी घरं बांधली, निराधार बायकांना आसरा दिला. तिच्यावर धागा काढा.

खडूस_वाचक : मुद्द्यावर या हो! 1837 मध्ये हा जहाल गडी टोरींच्या, म्हणजे सनातनी पक्षाच्या गोटात गेला की नाही?

टिळकरोडी : गेला. पण आधी लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या जागेचा राजीनामा दिला, त्याच मतदारांपुढे पुन्हा उभा राहिला आणि जिंकला.

खडूस_वाचक : बरं, तेवढी हिंमत मानली. पण मग त्याच वर्षी वेस्टमिन्स्टर सोडून उत्तर विल्टशायरची जागा का धरली? आणि 1810 ला टॉवरमधून सुटला तेव्हा लोक मिरवणुकीसाठी ताटकळले आणि हा नदीतून होडीने पसार!

टिळकरोडी : अटकेच्या वेळी रस्त्यावर माणसं मेली होती. पुन्हा तेच होऊ द्यायचं होतं का?

खडूस_वाचक : निदान निरोप तरी धाडायचा. उन्हात उभे राहिलेले लोक जमीनदार नव्हते.