मदत हवी आहे : सांगलीहून गणपतीपुळे, मोठी कॅराव्हॅन आणि मागे ट्रेलर. कोणता घाट घ्यावा?

कृष्णाकाठ :
शनिवारी पहाटे निघायचे असल्यामुळे कृपया लवकर उत्तर द्यावे. नाताळच्या सुट्टीत घरची सहा माणसे कॅराव्हॅन घेऊन गणपतीपुळ्यास जाणार आहोत. मागे ट्रेलर जोडलेला आहे. मोबाइलमधला नकाशा कोल्हापूरमार्गे आंबा घाट दाखवतो, मेहुणे मात्र कुंभार्ली घाटाचा आग्रह धरून बसले आहेत. दोन्हींपैकी सोपा कोणता, एवढेच सांगावे. ‘जाऊ नका’ असा सल्ला नको.

घाटवाट :
गाडीची लांबी, उंची आणि वजन किती? ट्रेलरवर काय आहे आणि त्याला स्वतःचे ब्रेक आहेत का? नकाशा यांपैकी काहीच विचारत नाही. तुम्ही चारचाकीत बसला आहात असे धरून तो रस्ता दाखवतो.

पाटणचा :
कुंभार्लीच घ्या. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत चिपळूणला उतरायचे आणि महामार्गाने संगमेश्वरवरून निवळीला यायचे. मी बारा वर्षे याच घाटाने जातो आणि अजून गाडीला ओरखडाही आलेला नाही.

मालवाहू :
आपण कोणत्या गाडीने जाता, तेही सांगावे.

पाटणचा :
जीपने. घाट तोच आहे ना?

कृष्णाकाठ :
गाडी बसच्या चासीवर बांधलेली आहे, म्हणजे मोठीच आहे. ट्रेलरवर दोन मोटारसायकली आणि एक जनरेटर आहे. आता तरी घाटाचे सांगा.

मालवाहू :
बस सात मीटरची असते, तशीच बारा मीटरचीही असते, म्हणून विचारणे भाग आहे. वळणावर ट्रेलरची चाके पुढच्या गाडीचा माग धरून येत नाहीत, ती आतल्या बाजूला कापत येतात. त्यामुळे गाडी वळली म्हणजे ट्रेलरही वळला असे समजणारा माणूस आतल्या कठड्याला किंवा गटाराला ट्रेलर लावून बसतो. उताराचे भय याहून मोठे आहे. पाय सतत ब्रेकवर राहिला की ब्रेकचे ड्रम तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबले तरी गाडी आवरत नाही. जो चढ ज्या गिअरमध्ये चढतो, तो उतार त्याच गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग आवरणारा) असल्यास तो लावून उतरावा, आणि वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

राजापूरकर :
अणुस्कुरा घाट घ्या. गर्दी नाही, देखावा उत्तम.

घाटवाट :
ज्याला राजापूरला जायचे आहे त्याने घ्यावा. गणपतीपुळ्यासाठी एवढी लांब वरात अरुंद घाटात नेऊन पुन्हा उत्तरेकडे यायचे कशाला?

नियमपंडित :
ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र करावी लागते आणि त्याला वेगळा क्रमांक असतो. ती केली आहे का?

कृष्णाकाठ :
हे कोणी विचारले होते?

वाडीकर :
कुंभार्लीचे ठरले, तर सांगलीतून बाहेर पडताना आयर्विन पुलाकडे वळू नये. तो १९२९चा पूल आहे आणि जड वाहनांना तिथे बंदी आहे. बायपासच्या पुलाने जावे. शिवाय गळीत हंगाम असल्याने पहाटेच्या अंधारात पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर असतो आणि मागे दिवा असेलच असे नाही. जेवायला किंवा चहाला एखाद्या गावात वळलात, तर स्वागत कमानीची उंची पाहूनच आत शिरा.

कृष्णाकाठ :
कमानीचे वाचून आज टेप घेऊन वर चढलो. आरसी बुकात उंची ३.०५ मीटर आहे, पण टपावरचा एसी आणि त्यामागची पेटी धरून ३.४८ भरली. गाडी ९ मीटर, ट्रेलर ४ मीटर. ट्रेलरला ब्रेक नाहीत. एवढ्याशा वजनाला लागत नाहीत, असे बांधणाऱ्याने सांगितले होते.

मालवाहू :
सपाटीवर लागले नसतील. घाटात ते सगळे वजन तुमच्याच ब्रेकवर येते आणि वळणात जोराने ब्रेक मारला, तर ट्रेलर मागून ढकलत गाडीला आडवा येतो. जनरेटर अगदी मागच्या टोकाला ठेवला असेल, तर हुकावरचा भार कमी होऊन ट्रेलर शेपटासारखा डोलतो. एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी हुकावर हवा.

घाटवाट :
आता उत्तर देता येते. आंबा घाट घ्या, पण दिवसाउजेडी आणि ट्रेलरशिवाय. मलकापूर सोडल्यावर आंबा गावात दहा मिनिटे थांबा आणि तिथूनच खालच्या गिअरमध्ये उतरायला लागा. मध्ये रस्त्याची कामे चालू असल्यास वळणमार्गावर घाई करू नका. खाली साखरपा, नाणीज, पाली, मग हातखंबा. तिथून निवळीपर्यंतही घाट संपला म्हणून सैल पडू नका. निवळीहून चाफेमार्गे आत वळा. आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता सुंदर आहे. पण तो मोटारसायकलने पाहावा.

पाटणचा :
कुंभार्लीत हीच गाडी आरामात गेली असती.

कृष्णाकाठ :
ट्रेलर सांगलीतच सोडतो आहे. जनरेटर गाडीच्या पोटातल्या कप्प्यात बसला. मेहुणे एक मोटारसायकल घेऊन कुंभार्लीने येणार आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नियमपंडित :
नोंदणीचे उत्तर अजून मिळालेले नाही.