पहिली-दुसरीचा एकच वर्ग आणि घरच्या बोली चार-पाच, सुरुवात कुठून करू?

खडूफळा:
नमस्कार. या बदलीत मला चाकण एमआयडीसीच्या जवळची झेडपी शाळा मिळालीये. आधीची शाळा मावळात होती, सगळी मुलं एकाच गावची, घरी पण मराठीच. इथे चित्र पूर्ण वेगळंय. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे. निम्मी मुलं गावातली, बाकीची कंपन्यांत कामाला आलेल्यांची, म्हणजे यूपी-बिहारकडची हिंदी-भोजपुरी बोलणारी, यवतमाळ आणि बीडकडची बंजारा मुलं, एका वॉचमनची नेपाळी मुलगी, आणि पारधी कुटुंबातली दोन भावंडं जी गावाबाहेर पालावर राहतात. हिंदीवाली मुलं एकमेकांत भरपूर बोलतात पण पुस्तक उघडलं की गप्प. नेपाळी मुलगी तर नुसती बघत बसते. पारधी भावंडातली मोठी, दुसरीतली, तिच्याशेजारी कोणी बसत नाही आणि गावातल्या एक-दोन आयांनी येऊन मला सरळ सांगितलं की आमच्या मुलीला तिथे बसवू नका. वरून निपुणच्या (लहान वर्गांच्या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या) चाचण्या, केंद्रप्रमुख विचारतात किती मुलं वाचायला लागली. ट्रेनिंगमध्ये "मुलाच्या संस्कृतीशी जोडून शिकवा" हे वाक्य दर वेळी ऐकलंय, पण सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. ज्यांनी अशा वर्गात शिकवलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मेळघाट_मास्तर:
बाई, मी धारणी तालुक्यात बरीच वर्षं काढलीत. आमच्याकडची मुलं कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा गटातली, म्हणजे संथाली-मुंडारीच्या कुळातली, मराठीशी तिचं काही नातंच नाही. त्यामुळे पहिलीतल्या पोराला आपण "पाटी काढा" म्हटलं तरी ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं आणि नवीन आलेल्या मास्तरला वाटतं हे मंद आहे. ते मंद नसतं, रानातल्या वाटा, झाडं, ओढे, मोहाचा हंगाम सगळं त्याला पाठ असतं, फक्त ते कळवायला आपण त्याच्याकडे भाषा शिल्लक ठेवलेली नसते.
मी काय करतो ते सांगतो. पहिले दोन-अडीच महिने पुस्तक जवळजवळ बंद. रोज एक गोष्ट किंवा एक प्रसंग, मुलांनी आपल्या बोलीत सांगायचा. काल घरी काय झालं, बकरी कुठे गेली होती, काहीही. मला अर्धं कळत नाही तेव्हा चौथीतल्या एखाद्या मुलाला बोलावून विचारतो. त्यातली दोन वाक्यं देवनागरीत फळ्यावर लिहितो, जशी बोलली तशी, आणि खाली तेच मराठीत. आपण बोललो ते फळ्यावर उमटतं हे पोरांना एकदा कळलं की वाचायची ओढ आपोआप लागते, मग अक्षर शिकवायला फार झटावं लागत नाही. तुमच्याकडे भोजपुरी, गोरमाटी (म्हणजे बंजारा बोली), नेपाळी सगळ्या देवनागरीत लिहिता येतात ही तर मोठी सोय आहे. नेपाळी तर लिहितातच देवनागरीत, तिच्या वडलांना वाचता येत असेल तर त्यांच्याकडून चार ओळी लिहून घ्या.
आणि ती नेपाळी मुलगी बघत बसते त्याची काळजी करू नका. नवीन भाषेत पडलेलं मूल आधी बरेच दिवस नुसतं ऐकतं, त्या काळात उभं करून "बोल बोल" केलं की उलट मिटतं. तिला खूण करून, वस्तू आणून, चित्र दाखवून उत्तर देऊ द्या.
गणितात पण बघा. दोन अंकी संख्या आपण उलट्या बोलतो, "तेवीस" म्हणताना तीन आधी ऐकू येतं आणि मूल ३२ लिहून मोकळं होतं. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस तीन" आणलं तेव्हा केवढी ओरड झाली, पण आमच्या पाड्यावरच्या मुलांना त्याचा फायदाच झाला, दोन्ही नावं शेजारी ठेवून शिकवा, तेवीसही शिकतात.

सचिन_भोसरी:
माझं थोडं वेगळं मत आहे, राग नको. मुलं महाराष्ट्रात आलीत, पुढे इथेच राहणार, त्यांना लवकरात लवकर चांगली मराठी यायला हवी. वर्गात भोजपुरी, बंजारा सगळं चालू ठेवलं तर मराठी शिकणार कधी? आणि गावातले पालक आधीच झेडपीतून मुलं काढून इंग्लिश मीडियममध्ये घालतायत, त्यांना वाटेल इथे मराठी पण धड शिकवत नाहीत. शाळेचा पट घसरला तर शाळाच बंद होईल. ही भीती खोटी नाहीये.

मेळघाट_मास्तर:
सचिनभाऊ, पटाची भीती खरीच आहे, मी नाकारत नाही. पण मराठी यायला हवी यावर तुमचं-माझं एकमत आहे, वाद फक्त वाटेचा आहे. पहिल्या दिवसापासून फक्त मराठी असलेल्या वर्गातली मुलं तिसरी-चौथीपर्यंत पुस्तक घडाघडा वाचतात आणि "काय वाचलं?" विचारलं की खाली बघतात. हे मी आमच्या तालुक्यात इतकं पाहिलंय. घरची बोली जिना आहे, वर पोचायचं मराठीतच, पण जिना काढून घेतला तर पोरगं खालीच उभं राहतं. आणि हे काही माझ्या मनाचं नाही. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या कलम २९ मध्ये शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय, घटनेत ३५० अ कलम १९५६ पासून आहे, २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही तेच म्हणतं. पालकांना मात्र कलमं सांगू नका, सहामाहीनंतर मूल वाचून दाखवतंय ते ऐकवा.

तांड्याची_लेक:
मी शिक्षिका नाही, बँकेत आहे, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं कारण मी त्या बाकावर बसलेली मुलगी आहे. आम्ही घरी गोरमाटी बोलतो, आईला याडी म्हणतो. पहिलीत मी याडी म्हटलं की वर्ग हसायचा आणि गुरुजी पण हसायचे. मग मी शाळेत आईचं नावच काढायचं बंद केलं. चौथीत एक बाई आल्या, त्यांनी एक दिवस तांड्यावर येऊन माझ्या आजीचं कशिदाकाम बघितलं आणि दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्या नक्षीचा कापडाचा तुकडा आणून सगळ्या वर्गाला चौकोन, त्रिकोण, सममिती त्यावर दाखवली. हे तांड्याचं आहे असं भाषण नाही केलं, नुसतं गणित शिकवलं. तेव्हापासून मी पहिल्या रांगेत.
खडूफळा ताई, एक कळकळीची विनंती. सेवालाल महाराज जयंतीला, १५ फेब्रुवारीला, बंजारा मुलींना काचोळी-फेटिया घालून नाचवायचं आणि उरलेलं वर्षभर त्यांच्या बोलीला "गावठी" म्हणायचं, असं बऱ्याच शाळांत चालतं. ते करू नका. आणि "तू सांग बरं, तुमच्यात लग्न कसं करतात" असं एकट्या मुलीला उभं करून विचारू नका, सगळ्यांचं लक्ष तिच्यावर जातं आणि ती एकदम वेगळी पडते. विचारायचं तर सगळ्यांना विचारा, तुमच्या घरी सणाला काय शिजतं, आणि गावातल्या पाटलाच्या मुलाचंही तितक्याच कुतूहलाने ऐका. संस्कृती काय फक्त तांड्यावर आणि पाड्यावर असते का, ती गावातल्या वाड्यातही असतेच ना.
ऊसतोडीचं पण लक्षात ठेवा. बीडकडची कुटुंबं असतील तर दसरा-दिवाळीनंतर काका-मामांबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जायची वेळ येते, मुलं मधेच गायब होतात. हजेरीवर नुसता शेरा मारण्याआधी घरी विचारा कोण जातंय, कुठल्या कारखान्यावर जातंय.

खडूफळा:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फळ्यावर दोन भाषांत लिहायचं आजच सुरू केलं, भोजपुरीवाला एक मुलगा स्वतःचं वाक्य तीनदा वाचायला पुढे आला. ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण त्या पारधी मुलीचं काय करू? परवा कंपास हरवला आणि वर्गातली मुलं एका सुरात तिच्या दप्तराकडे बोट दाखवायला लागली. इतकी लहान मुलं. हे त्यांना कुणी शिकवलं असेल ते कळतंय, पण तोडायचं कसं?

डहाणू_पाडा:
कंपासवरून लिहितो, बाकीच्यांनी भाषेचं चांगलं सांगितलंय. माझं मत असं की तुमच्या वर्गात भाषेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.
इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारधीही त्यात आले. कायदा १९५२ ला गेला, गावाच्या डोक्यातून गेला नाही. सात वर्षांची मुलं बोट दाखवतात ते घरचंच बोलणं असतं. म्हणून वर्गात एक नियम पक्का करा आणि कितीही महागाची वस्तू हरवली तरी मोडू नका: कुणा एकाचं दप्तर तपासायचं नाही. वस्तू हरवली की सगळ्यांनी मिळून वर्ग झाडायचा, बाकांखाली शोधायचं, तुम्ही स्वतः खाली वाकून शोधायचं. बहुतेक वेळा सापडते. नाही सापडली तर शाळेच्या कपाटातून दुसरी द्यायची आणि विषय संपवायचा. शिवाय खडू, रंग, कात्र्या वाटायची आणि परत मोजून ठेवायची जबाबदारी आठवड्याने फिरती ठेवा, तिचीही पाळी येऊ द्या, खास तिलाच देऊ नका.
बसायची जागा पण फिरती. दर सोमवारी गट बदलायचे, सगळ्यांचे. मग कुणाची आई आली तर सांगता येतं की वर्गाचा नियम आहे. आणि त्या आयांना नाराज करायची तयारी ठेवा, यात मधला मार्ग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत विषय येईल, येऊ द्या, मुख्याध्यापकांना आधी सोबत घ्या.
आमच्याकडे कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे केलं ते या सगळ्याच्या मुळाशी आहे. १९४५ ला बोर्डीत सुरुवात, नंतर कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली, अंगणवाडी तिथूनच आली. गुरं चारणारी मुलं कुरणात असायची तर कुरणशाळा काढली. मुलांच्या आयुष्यात काय चाललंय ते आधी बघायचं आणि शाळा त्याप्रमाणे वाकवायची. आता आमच्या शाळांच्या भिंती वारली चित्रांनी रंगवलेल्या असतात आणि आत संतुलित आहाराच्या तक्त्यावर दूध, सफरचंद, पनीर. मुलं पावसाळ्यात शेवळं, टाकळा, खेकडे खातात त्याचं नाव तक्त्यात नाही. मी तो तक्ता काढला आणि मुलांनी आणलेल्या रानभाज्यांचा केला, कुठली कधी उगवते, कशी शिजवतात, कुठली नीट नाही शिजवली तर घसा खाजतो, हे सगळं मुलांनी सांगितलं, मी लिहिलं.
तुम्ही पालावर जा. वही-पेन न घेता जा, आधार कार्ड मागायला जाऊ नका, नाहीतर त्यांना तुम्ही सरकारी माणूस वाटाल. मुलगी काय करू शकते ते बघा. पारधी मुलांना पक्ष्यांचे आवाज, माग ओळखणं किती येतं ते बघून तुम्ही थक्क व्हाल, परिसर अभ्यासाचे कितीतरी पाठ तिथेच आहेत. त्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे, थोडा कान दिला तर बरंचसं कळतं.

तांड्याची_लेक:
डहाणू सर, दप्तराचा नियम प्रत्येक शाळेत हवा.

मेळघाट_मास्तर:
कागदाचं एक राहिलं. पाल उठलं किंवा नवीन टोळी आली की मुलं मधेच येतात, टीसी नसते, जन्मदाखला नसतो. आरटीईप्रमाणे या दोन्हीवाचून प्रवेश अडवता येत नाही आणि मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं, कलम ४, ५ आणि १४ बघून ठेवा, ऑफिसमध्ये वाद झाला तर कामी येतं. बाहेर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड भरून द्या, त्यात मूल काय वाचू शकतं ते दोन ओळींत लिहा, आणि घरी कुठली बोली बोलतात तेही लिहा, पुढच्या मास्तरला त्याचाच जास्त उपयोग होतो. तुमचा फळा कसा चाललाय ते दिवाळीच्या सुट्टीआधी इथे नक्की टाका, भोजपुरीची वाक्यं मला पण हवीयेत, आमच्या धारणीच्या बाजारात यूपीची दोन कुटुंबं आलीत आणि त्यांची मुलं येत्या आठवड्यात माझ्याकडे दाखल होणारेत.