४ मेच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीच जिंकेल, असे मी का म्हणतो

अंधेरीकर (३ मे २०२४)

उद्या संध्याकाळी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना मोहन बागान आणि मुंबई सिटी यांच्यात होत आहे, आणि मुंबई तो जिंकेल अशी माझी खात्री आहे. १५ एप्रिलला याच मैदानावर आपण १-२ असे हरलो आणि बरोबरीवरही मिळू शकणारी लीग शिल्ड (साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाची ढाल) गमावली, हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतर नऊच दिवसांनी गोव्याच्या फातोर्डा मैदानावर उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात आपल्या याच संघाने काय केले ते पाहा. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० असा पुढे होता आणि लोक घरी निघाले होते. तेवढ्यात आपल्या छांगटेने एक गोल केला, लगेच विक्रम प्रतापने दुसरा, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटेनेच तिसरा. घरच्या मैदानावरचा परतीचा सामना आपण २-० असा जिंकला. मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला, ग्रेग स्ट्युअर्ट सोडून गेला, तरीही हा संघ अंतिम फेरीत आहे, कारण त्याची भिस्त आता एका खेळाडूवर राहिलेली नाही. शिवाय राखीव फळीत बिपिन सिंग आहे, ज्याने २०२१ च्या अंतिम सामन्यात याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल केला होता.

सावध प्रेक्षक

मीही मुंबईचाच समर्थक आहे, पण ही खात्री मला पटत नाही. फातोर्ड्यातली ती सहा मिनिटे विलक्षण होती, हे मान्य. परंतु त्याआधीच्या नव्वद मिनिटांत आपल्या बचावफळीने बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांना गोल करू दिले, ते आपण का विसरायचे? मोहन बागानकडे पेट्राटोस, कमिंग्ज, मनवीर आणि लिस्टन असे आक्रमक खेळाडू आहेत. १५ एप्रिलला लिस्टनने अर्ध्या तासाच्या आतच गोल केला आणि ६० हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या गजरात आपल्या मधल्या फळीला पुढे पास देणेच सुचेनासे झाले. तीच गर्दी उद्याही असेल. त्यात हबास यांच्यासारखा प्रशिक्षक समोर आहे, ज्यांनी २०१४ आणि २०२० मध्ये कोलकात्याच्याच संघाला हा चषक जिंकून दिला आहे.

अंधेरीकर

गर्दीचा मुद्दा रास्त आहे, पण इतिहास मात्र नेमका उलटे सांगतो. या स्पर्धेत आजवर तीन वेळा यजमान संघ स्वतःच्याच मैदानावर अंतिम सामना खेळला: २०१५ मध्ये गोवा, २०१६ मध्ये कोचीत केरळ आणि २०१८ मध्ये बेंगळुरू. तिघेही हरले. घरच्या हजारो लोकांसमोर चषक उचलायचाच आहे, हे ओझे सामना लांबत जातो तसे यजमानांच्याच पायांत येते. आपण पहिली वीस मिनिटे गोल न खाता काढली, तर तोच गजर हळूहळू कुजबुजीत बदलेल.

मडगावकर

मी गोव्याचा समर्थक, २०१५ चा उल्लेख केलात म्हणून लिहितो. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आम्ही २-१ असे पुढे गेलो, नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला आणि लगेच चेन्नईयिनच्या मेंडोझाने सामना संपवला. त्यात घरच्या मैदानाचे ओझे वगैरे काही नव्हते. शेवटच्या मिनिटांत आमची बचावफळी विस्कळीत झाली, एवढेच. २०१९ चा अंतिम सामना तर तुमच्या अंधेरीच्या मैदानावर झाला आणि तिथे ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूकडून आमच्याविरुद्ध गोल करणारा राहुल भेके आज तुमचा कर्णधार आहे. तीन सामन्यांवरून नियम काढता येत नाही, त्यातही केरळ हरला तो पेनल्टी शूटआऊटमध्ये. तुमच्या बाजूने खरे कारण कोणते असेल, तर ते छांगटेचा वेग हे आहे. आमच्या डाव्या बगलेला तो दोन्ही सामन्यांत आवरला नाही.

सावध प्रेक्षक

छांगटेबद्दल माझे दुमत नाही. भीती आहे ती संयमाची. गेल्या डिसेंबरात अंधेरीत याच दोन संघांच्या सामन्यात सात लाल कार्डे निघाली, त्यांतली चार आपली होती, आणि त्यांत भेकेही होता. असे काही उद्या झाले, तर वेगाचा उपयोग काय?

अंधेरीकर

त्या सामन्यात इतके सगळे होऊनही आपण पिछाडीवरून २-१ असे जिंकलो होतो, हेही त्याच नोंदीत लिहा. आणि मडगावकरांचे म्हणणे मला मान्य आहे: तीन सामन्यांचा नियम होत नाही, छांगटेच्या वेगाचा मुद्दा अधिक भक्कम आहे. म्हणूनच आपले प्रशिक्षक क्रॅत्की यांनी खेळ मैदानाच्या रुंदीभर पसरवावा, बचावफळीतल्या तिरी आणि मेहताबने पेट्राटोसला मधून जागा देऊ नये आणि बिपिनला साठाव्या मिनिटानंतर उतरवावे, असे मला वाटते. माझा अंदाज २-१ असा आहे आणि दुसरा गोल उत्तरार्धात उशिरा होईल.