नवा ॲडमिन: आधी दंडुका की आधी ओळख?

चौथा_मजला
महिन्यापूर्वी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन झालो. आधीचे काका मुलाकडे बंगळूरूला गेले आणि 'तुला मोबाइलमधलं कळतं' एवढ्या पात्रतेवर माळ माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच रात्री पार्किंगवरून दोघांची जुंपली. मी दोघांचे मेसेज उडवले. भांडण थांबलं खरं, पण सकाळी सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की ॲडमिनने मेसेज काढलाय. कोणी काय लिहिलं होतं याच्या दहा कहाण्या लिफ्टमध्ये फिरल्या. तेव्हापासून मी काही सांगितलं की 'आले साहेब'! माझं मत: नव्या ॲडमिनने पहिला महिना काहीही उडवू नये. टँकर कधी येणार, लिफ्ट कधी सुरू होणार, एवढी उत्तरं नीट द्यावीत.

पारंबी
साफ नामंजूर. पहिला महिना मोकळं सोडलं की तोच नियम होतो. आमच्या नव्या ॲडमिन गोड बोलत बसल्या, आणि एका सकाळी पाणी बंद असल्याची सूचना सुप्रभातच्या फुलांखाली गाडली गेली. निम्मी बिल्डिंग साबण लावून उभी! मग त्या नियम सांगायला गेल्या, तर लोक म्हणाले, इतके दिवस कुठे होतात? शिवाय उद्या कोणी भडक काही टाकलं की पोलीस ॲडमिनलाच धरणार.

खटपट्या
ही भीती जुनी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू दिसायला हवा.

पारंबी
त्याच निकालात हेही आहे की ॲडमिनचे अधिकार तोकडे: माणूस घ्यायचा किंवा काढायचा, मजकूर आधी चाळता येत नाही. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय आली २०२२ मध्ये. आता हातात खोडरबर असताना 'मी काय करणार' म्हणणं कोर्टात चालेल न चालेल, जिन्यात तरी चालत नाही.

माईसाहेब
चौथा मजला, उडवलंत त्याचं काही नाही हो. रात्री, कुणाला न सांगता उडवलंत, ते लागलं लोकांना. मी महिला मंडळाचा ग्रुप सांभाळते. पहिला मेसेज काढला तो माझ्या सख्ख्या जाऊबाईंचा, साड्यांच्या सेलचा. आधी फोन केला, मग काढला, आणि का काढला ते ग्रुपवर एका ओळीत लिहिलं. जाऊबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. पण नंतर दिवाळी फराळाच्या तीन जाहिराती काढल्या, तर एकीनेही हूं की चूं केलं नाही.

पारंबी
म्हणजे पहिल्या दिवसापासून काढायचंच! मी वेगळं काय म्हणतोय?

माईसाहेब
तुम्ही फोनचं कुठे म्हणालात?

चौथा_मजला
माई, पटलं. अडचण एवढीच, आमच्या ग्रुपवर रोज पहाटे सव्वापाचला गुलाब टाकणारे गृहस्थ बी विंगमध्ये राहतात आणि ते माझे सासरे आहेत. तो फोन तुम्ही कराल का?