उत्तर: दापोलीच्या शिबिरातली साखर लॅबमध्ये कमी का दिसते?

वर विचारलंय, दापोलीच्या मधुमेह तपासणी शिबिरात घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांची उपाशीपोटीची साखर चिपळूणच्या लॅबला पोचेपर्यंत कमी का येते. यंत्राचा दोष नसावा. नळीतल्या रक्तपेशी ग्लुकोज खातच राहतात: साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के, मे महिन्यातल्या गाडीत त्याहून जास्त. म्हणजे १२६चा (मिग्रॅ/डेसिलिटर, उपाशीपोटी मधुमेह ठरवायची सीमा) माणूस तासाभरात ११९वर येतो आणि मधुमेही म्हणून नोंदलाच जात नाही! करड्या बुचाच्या नळीतलं फ्लोराइड हे खाणं थांबवायलाच असतं, पण तेवढं पुरेसं नाही, त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी करा, लगेच बर्फ-पाण्यात ठेवा (नुसत्या बर्फाच्या खड्यांत नको) आणि अर्ध्या तासात जागेवरच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचा पातळ भाग, वेगळा काढा. वीज नसेल तर सायट्रेटवाल्या नळ्या मागवा, त्यात पेशींचं ग्लुकोज खाणं लवकर थांबतं. महाग आहेत, पण पर्याय नाही.

ग्लुकोज पाजून साखर तपासायची असेल तर पाजताना पुडा वाचा. ७५ ग्रॅम हे निर्जल ग्लुकोजचं माप. मोनोहायड्रेट (ज्याच्या कणांत पाणी असतं ते) असेल तर ८२.५ ग्रॅम, २५०-३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं.

आणि "उपाशी आहात ना?" एवढंच विचारू नका. पेज प्यायलेला माणूसही बिनदिक्कत हो म्हणतो. "उठल्यापासून पाण्याशिवाय काय घेतलंत?" असं विचारा.