जपानी धावपटूंच्या सरावातून आपण नेमके काय घ्यावे?

उपवनकाठ

नमस्कार. मी ठाण्यात राहतो, वय ४४, नोकरी ऐरोलीत. गेल्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची ४२ किलोमीटरची शर्यत मी ४ तास ५२ मिनिटांत पूर्ण केली. पुढच्या खेपेला साडेचार तासांच्या आत यायचे आहे. जपानी कंपन्यांच्या संघांतील धावपटू महिन्याला हजार किलोमीटरपर्यंत धावतात हे वाचल्यावर, आपल्याला झेपेल तेवढा तो कित्ता गिरवावा असे ठरवून मी जूनपासून आठवड्याचे अंतर ४० वरून थेट ८० किलोमीटरवर नेले. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले आणि आता उपवन तलावाची दुसरी फेरी संपण्याआधीच ते दुखणे जाणवते. (पावसात भिजलेले बूट दुसऱ्या दिवशीही वाळत नाहीत, ही तक्रार वेगळी.) ती पद्धत आपल्यासारख्या नोकरदारांसाठी नाहीच, की मीच तिच्यातले नको ते उचलले?

माजी पीटी शिक्षक

आधी नडगीचे पाहा. हाडावरून बोट फिरवताना एकाच ठिकाणी कळ येत असेल किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण ते हाडाला गेलेल्या बारीक चिरेचे लक्षण असू शकते.

आता पद्धतीविषयी. आपण आकडा उचललात, पण तो कोणत्या गतीने भरायचा ते तिथेच राहिले. त्या संघांतील धावपटूंची नोकरी म्हणजेच मुख्यतः धावणे असते आणि त्यांच्या किलोमीटरांतला फार मोठा वाटा सैल धावण्याचा असतो. आपल्याला जवळचे उदाहरण युकी कावाउची यांचे आहे. सायतामा प्रांताच्या सरकारी सेवेत, शाळेच्या कार्यालयात ते काम करीत. कामाची वेळ दुपारी सुरू होई, म्हणून सराव सकाळी आणि बहुधा दिवसातून एकदाच. आठवड्यात दोनच कठीण सराव, बाकीचे दिवस संथ धाव, आणि एरवीच्या शर्यती हाच वेगाचा सराव. कंपन्यांच्या संघांच्या मानाने त्यांचे महिन्याचे अंतर बरेच कमी होते. याच बळावर २०१८ साली बोस्टनमध्ये, गारठवणाऱ्या पावसात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात त्यांनी २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. त्याआधी तिथे जपानी पुरुष जिंकला होता तो १९८७ मध्ये, तोशिहिको सेको. आपल्या आठवड्यात कठीण सराव किती आणि संथ धाव किती, हे कळवावे.

नेरूळची सकाळ

सर म्हणतात तो सैलपणा कागदावर सोपा वाटतो, रस्त्यावर मात्र अपमानास्पद वाटतो. फुकुओका विद्यापीठाचे हिरोआकी तानाका यांनी संथ धावण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यातल्या गतीला जपानीत ‘निको निको’ म्हणतात, म्हणजे चेहऱ्यावर हसू टिकेल अशी गती. नाडीचा त्यांचा ठोकताळा असा: १३८ मधून वयाचा निम्मा भाग वजा करायचा. आपल्या वयाला तो ११६ येतो. पावले अगदी लहान आणि भरभर टाकायची, टेकताना टाचेवर आदळायचे नाही. मी ५३ वर्षांची आहे. ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याकाठी हे करू लागले, तेव्हा पहिले काही आठवडे काठीवाले आजोबासुद्धा ‘बरं नाही का?’ असे विचारून पुढे जात. पाच महिन्यांनी त्याच नाडीवर माझा किलोमीटरमागचा वेळ सव्वा मिनिटाने कमी झालेला दिसला. एवढ्यावर मॅरेथॉन होत नाही, हे मान्य. पण ८० किलोमीटर पेलायचेच असतील, तर त्यांतले निदान ६० या जातीचे हवेत.

पामबीच ते बेलापूर

एक मुद्दा राहिला. जपानी संघ स्वतःच उन्हाळ्यात थंडाव्याकडे जातात: कोणी होक्काइदोला, कोणी नागानोच्या सुगादाइरा पठारावर. तोक्यो ऑलिंपिकची मॅरेथॉनही उकाड्याच्या धास्तीने साप्पोरोला हलवण्यात आली. आपण मात्र जुलैच्या दमट हवेत, घाम अंगावरच साचत असताना, जानेवारीची गती धरू पाहतो. घाम वाळला नाही की शरीर निवत नाही आणि त्याच गतीला नाडी वर चढते. म्हणून दिवाळीपर्यंत अंतर न मोजता वेळ मोजावा. तिकडच्या वेळापत्रकांतही ९० किंवा १२० मिनिटांची संथ धाव अशी नोंद सर्रास असते.

उपवनकाठ

डॉक्टरांना दाखवले, चीर नाही, तीन आठवडे विश्रांती सांगितली आहे. सरांच्या प्रश्नाचे उत्तर लाजिरवाणे आहे: संथ असा एकही दिवस नव्हता. रोज कालच्यापेक्षा दोन सेकंद तरी वेगाने, असा माझा हिशेब होता. शिवाय मी एकटाच धावतो, त्यामुळे आवर घालायला कोणी नसते.

माजी पीटी शिक्षक

मग ती पद्धत खऱ्या अर्थाने आपण अजून वापरलेलीच नाही. एकट्याने धावण्याबद्दल मात्र दोन शब्द लिहितो. जपानचे लांब पल्ल्याचे धावणे ‘एकिदेन’ या सांघिक शर्यतींभोवती वाढले आहे. विद्यार्थ्यांची हाकोने एकिदेन १९२० पासून चालत आली आहे. दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला दहा जण मिळून तोक्यो ते हाकोने आणि परत असे सुमारे २१७ किलोमीटर धावतात. खांद्यावरून तिरकी घेतलेली कापडी पट्टी, तासुकी, पुढच्याच्या हाती द्यायची असते. संघ फार मागे पडला तर पुढच्या गड्याला वाट न पाहता दुसरी पट्टी देऊन सोडतात, आणि मागून धापा टाकत येणाऱ्याला आपली पट्टी द्यायला समोर कोणी उरलेले नसते. पाचव्या टप्प्यात २०.८ किलोमीटरमध्ये सुमारे ८७० मीटर उंचीपर्यंत चढायचे असते; त्यापुढे आपला येऊरचा चढ म्हणजे गल्लीतला उंचवटा. या शर्यतीपायी कोवळी पोरे वेळेआधी झिजतात असा आक्षेप घेतला जातो, आणि शाळेत मुले धावायला लावलेला माणूस म्हणून मला तो खरा वाटतो. तरीही रविवारच्या लांब धावेसाठी आपल्यापेक्षा किलोमीटरमागे अर्धा मिनिट हळू असणारा सोबती शोधावा आणि त्याला कधीही मागे टाकू नये.

उपवनकाठ

विश्रांती संपल्यावर ११६ पासून सुरुवात करतो. मनगटावरच्या घड्याळाची नाडी विश्वासार्ह असते का? परवा नुसते चालताना त्यात १७० दिसले.

नेरूळची सकाळ

पट्टा सैल असला किंवा मनगट ओले असले, की घड्याळ कधीकधी नाडीऐवजी पावलांचा ठेका मोजते. मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधा. तरीही शंका आली तर थांबून मानेवर बोटे ठेवा, पंधरा सेकंद मोजा आणि चाराने गुणा.