चोर्ला घाटात टायर बसला, नट सुटेनात. टायर बदलणं आणि गाडीची साधी देखभाल कुठून शिकू?

साखळीची सून
नमस्कार मंडळी. मी साखळीला राहते, माहेर बेळगाव, त्यामुळे चोर्ल्यातून येणंजाणं कायमचंच आणि बऱ्याचदा गाडीत मी आणि मुलगी दोघीच. गाडी जुनी वॅगनआर. गेल्या आठवड्यात केरी सोडून घाट चढायला लागलो आणि मागचं डावं चाक बसलं, वरून पाऊस, धुकं, मोबाईलला रेंज नाही. जॅक काढला, पाना काढला, पण नट जागचे हलेनात. त्याच्या थोडे दिवस आधीच अलाइनमेंट करून घेतली होती, तिथे एअर गनने धडाधड आवळले होते ते, मी समोरच उभी होते. शेवटी बेळगावहून भाजी घेऊन उतरणारा एक पिकअपवाला थांबला, पान्यावर पाय देऊन नट सोडवले, चाक बदलून दिलं, पैसे देत होते तर घेतलेच नाहीत. देव बरें करूं त्याचें. स्टेपनीतही हवा कमीच निघाली म्हणून बेळगावचा बेत सोडला आणि हळूहळू परत केरीला उतरलो.
आता मला हे सगळं स्वतःला यायला हवंय. नट अडकले तर काय करायचं, घाटात जॅक लावायचा की नाही, गाडीत काय काय ठेवायचं, आणि टायर सोडून बाकी काय काय आपलं आपण बघू शकतो. घरचे म्हणतात तू कशाला या भानगडीत पडतेस, गॅरेजला फोन कर. पण रेंजच नसते तिथे फोन कुणाला करू? जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

म्हापसेकर
ताई, चांगला विचार केलात, आणि घरच्यांना सांगा की यात ताकदीचं काम फार कमी आहे, पद्धत माहीत असली की झालं.
आधी नटांचं बोलू. गाडी जॅकवर चढवायच्या आधी, चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट अर्धा फेरा ढिले करायचे, वर उचलल्यावर जोर लावला की चाकच फिरतं नाहीतर गाडी जॅकवरून घसरते. पाना नटात पूर्ण आत बसवा आणि त्याचा दांडा तुमच्या डाव्या हाताला जमिनीला समांतर येईल असा लावा, मग दांड्याच्या टोकाला पायाने खाली दाबा. सगळं वजन आपोआप नट सोडायच्या दिशेला जातं, हाताने ओढायची गरजच नाही. मात्र उड्या मारू नका, पाना निसटला तर नडगी फुटेल. गाडीबरोबर मिळतो तो पाना आखूडच असतो, म्हणून एक प्लस पाना किंवा ओढून लांब होणारा पाना हार्डवेअरच्या दुकानातून घेऊन ठेवा, दांडा जेवढा लांब तेवढा जोर कमी लागतो. आणि यापुढे टायरवाल्याकडे गेलात की शेवटचं आवळणं हातपान्यानेच करायला सांगा, तोंड वाकडं केलं तरी सांगा. गनने आवळलेले नट बाईमाणसालाच काय, पैलवानालाही रस्त्यावर सुटत नाहीत.
आता घाट. चढावर किंवा वळणावर जॅक अजिबात लावायचा नाही. हॅझर्ड लाईट लावून चालायच्या वेगाने सपाट, लांबून दिसेल अशा जागेपर्यंत गाडी न्या. बसलेल्या टायरवर चाललं तर टायर फुकट जातो हे खरं, जाऊ दे, टायर विकत मिळतो. लाल त्रिकोण गाडीमागे चांगला पन्नास पावलं लांब ठेवायचा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी दिसतो. मुलीला गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, डोंगराच्या बाजूला उभी करा, दरीकडे नाही.
हँडब्रेक आणि गियर दोन्ही हवेत, पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो आणि तुमच्या गाडीत इंजिन फिरवतं ती पुढची चाकं. म्हणजे पुढचं चाक उचललंत तर गियरचा काही उपयोग राहत नाही, कारण उचललेलं चाक मोकळं फिरतं, गाडी धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक. मागचं उचललंत तर हँडब्रेकचं एकच चाक जमिनीवर उरतं. म्हणून उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. चिऱ्याचे दोन तुकडे डिकीतच टाकून ठेवा, पावसात दगड शोधत बसायला नको.
आणि आपली तांबडी माती! पावसात जॅक त्यात सरळ रुततो, गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. फूटभर लांब जाड फळी डिकीत हवीच.

टॅक्सीवाला पेडणे
म्हापसेकरांनी बरोबर सांगितलंय. मी थोडी भर घालतो, इतकी वर्षं टॅक्सी चालवतोय, घाट आणि खड्डे दोन्ही रोजचे.
जॅक लावायची जागा दाराखालच्या पट्टीवर असते, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, तिथे पत्र्याला दोन खाचा दिसतील, बरोबर त्या दोन खाचांच्या मध्येच जॅक. जरा इकडेतिकडे लावला की पत्रा आत दबतो. सोडलेलं चाक जॅकच्या शेजारी गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, जॅक निसटला तरी गाडी चाकावर टेकते, माणसाचा हात-पाय वाचतो. नवीन चाक बसवताना नटाची निमुळती बाजू आत, रिमकडे. आधी सगळे हातानेच फिरवायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करायचं नाही, चाक तिरकं बसतं. गाडी खाली उतरवल्यावर शेवटचं आवळणं, यावेळी दांडा उजव्या हाताला आणि हाताच्या जोराने, पाय नको. पन्नासशंभर किलोमीटर झाले की परत एकदा पाना लावून बघायचा, नवीन बसवलेलं चाक थोडं ढिलं होतं कधीकधी.
ताई, पण तुमचा टायर बसला कशाने ते पंक्चरवाल्याने सांगितलं का? खिळा असेल तर ठीक. ट्यूबलेसला बाहेरून रबराची पट्टी खुपसतात त्याने काम भागतं, आतून मशरूम पॅच लावला तर जास्त टिकतो, टायर रिमवरून काढावा लागतो म्हणून दोन पैसे जास्त घेतात, पण घाटात जाणाऱ्या गाडीला तोच करा. छिद्र टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर कुणी कितीही सांगू दे, पट्टी मारायची नाही, टायर बदलायचा. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आला असेल तरी तेच, आतले दोरे तुटलेले असतात, कधी फुटेल नेम नाही.
टायरच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं किंवा छोटा त्रिकोण असतो तिथे शोधा. रबर झिजून त्या उंचवट्याला आलं म्हणजे १.६ मिमी उरलं, कायद्याने तिथे टायर संपला. पण आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, रस्त्यावर पाणी वाहतंय आणि ते बाहेर फेकायला खाच नाही, गाडी पाण्यावर तरंगते, ब्रेक लागत नाही. मी ३ मिमीलाच बदलतो. टायरचं वय पण बघा, टायरच्या बाजूला डॉट (DOT) असं लिहून पुढे कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. जुन्या गाडीची स्टेपनी काढून हा आकडा वाचा जरा, बऱ्याचदा गाडी आल्यापासूनची तीच असते.

साखळीची सून
काका आणि म्हापसेकर, मनापासून आभार, वहीत लिहून घेतलंय सगळं. खिळाच होता, मधोमध, मशरूम पॅच मारून घेते आता. स्टेपनीचा आकडा वाचला, २०१७ निघाला. आणि एक, काल घरासमोरच्या अंगणात प्रॅक्टिस म्हणून पुढचं चाक काढायला बसले, नट सगळे सुटले, पायाने दाबायची युक्ती लागू पडली, पण चाकच सुटेना! नुसतं चिकटून बसलंय.

शिवोलीकर
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. एकटी बाई, लहान मूल, घाट, पाऊस, अशा वेळी चाक बदलत बसूच नये. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कंप्रेसर मिळतो, तो ठेवा. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतलेला असला की हवा हळूहळू जाते. खिळा उपटायचा नाही, इंजिन चालू ठेवून हवा भरायची, पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, वाटेत बसला तर परत भरायची. हात पण काळे होत नाहीत. २०२० ला नियमच बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी सिस्टिम आणि पंक्चरचं किट असेल तर नव्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते.

म्हापसेकर
शिवोलीकर, कंप्रेसर घ्याच म्हणतो मी पण. स्टेपनीत कमी हवा निघाली तरी तोच कामाला येतो, ताईंचं त्या दिवशी तिथेच अडलं. पण खड्ड्यात आपटून टायर बाजूने फाटला तर कंप्रेसरने हवा भरत बसा दिवसभर, किट पण तिथे चालत नाही. चोर्ल्यात खिळ्यापेक्षा खड्डाच जास्त टायर खातो, तिथे स्टेपनीशिवाय इलाज नाही. म्हणून आधी कंप्रेसर लावून बघा, हवा टिकत नसेल तर चाक बदला, दोन्ही यायला हवं. तुम्ही म्हणता तो धोका मात्र खरा आहे, जागा बरोबर वाटली नाही तर गाडीत दारं लावूनही बसू नका, रस्त्यापासून लांब उभं राहा आणि रेंज मिळाली की ११२ हा इमर्जन्सी नंबर लावा.

मोरजीकार
ताई, चाक चिकटतं ते गंजाने. आमच्या किनाऱ्यावर तर खारा वारा असतो, वर्षभर चाक काढलं नाही की रिम आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, एकजीव होतात. नट दोन-तीन आटे धरून राहतील इतके परत लावा, पूर्ण काढू नका, गाडी जॅकवरून खाली उतरवा आणि गाडी हळूच पुढे-मागे हलवा, किंवा टायरच्या कडेला पायाने लाथ मारा, एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या. कट्ट आवाज आला की सुटलं. गाडी जॅकवर असताना मात्र लाथ-बिथ काही नाही. निघालं की हबचा तोंडाकडचा भाग तारेच्या ब्रशने घासून साफ करा, वर अगदी पातळ ग्रीसचा हात फिरवा. नटांच्या आट्यांना आणि ब्रेक डिस्कला ग्रीस लागू द्यायचं नाही.
बाकी देखभालीचं विचारलंत. महिन्यातून एकदा सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडायचं. सपाटीवर डिपस्टिक काढून पुसून परत घालून ऑइल बघा, दोन खुणांच्या मध्ये हवं. कूलंटची प्लास्टिकची टाकी बाहेरूनच दिसते, त्यात सतत नळाचं पाणी घालत राहायचं नाही, आत क्षार धरतात. चढावर टेंपरेचरचा काटा वर गेला तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला थांबा, आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणीही सांगितलं तरी उघडू नका, वाफेने हात-तोंड भाजलेले लोक बघितलेत मी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पावडर जमते, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.
डिचोली-साखळी भागात एअर फिल्टरकडे जास्त लक्ष द्या. तांबडी धूळ उन्हाळ्यात इतकी असते की सर्व्हिसची तारीख यायच्या आधीच फिल्टर विटेच्या रंगाचा होतो. क्लिपा काढल्या की हातात येतो, बघायला पैसे पडत नाहीत.
आणि तुमच्यासारख्या घाटात जाणाऱ्यांनी ब्रेक ऑइल विसरायचं नाही. ते हवेतला दमटपणा शोषून घेतं, गोव्यात दमटपणाला काय तोटा. पाणी धरलेलं ऑइल लवकर उकळतं, घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून ठेवून ते तापतं आणि पेडल एकदम मऊ होऊन खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, टाकीत भरलेलं दिसतंय म्हणून चांगलं आहे असं नाही. आणि उतारावर दुसऱ्या गियरमध्ये उतरा, गियर गाडी धरतो, ब्रेक थंड राहतात.

साखळीची सून
मोरजीकार, लाथ मारली, कट्ट झालं! हब घासून चाक परत बसवलं, मुलीने पाना धरला होता, नट तिनेच हाताने फिरवून लावले. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते सर्व्हिसच्या पुस्तकात सापडतच नाहीये, तेव्हा उद्याच गॅरेजला टाकते. शेवटचं एकच, स्टेपनीत हवा किती ठेवायची? दारावरच्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या चाकांचीच लिहिलीय.

टॅक्सीवाला पेडणे
स्टिकरवर सगळ्यात जास्त आकडा असेल त्याच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त भरून ठेवा, पडून पडून कमी होतच असते, लावायच्या वेळी जास्तीची सोडता येते, कमी असेल तर भरणार कुठून. महिन्याला बाकीच्या चार चाकांची हवा बघाल तेव्हा पंपवाल्याला डिकी उघडून पाचवं पण दाखवा, आपण सांगितल्याशिवाय तो विचारत नाही. आणि २०१७ ची स्टेपनी फक्त केरीला उतरण्यापुरती समजा, पुढचा टायर घ्याल तेव्हा चालू चाकातला त्यातल्या त्यात चांगला टायर स्टेपनीला टाका.